पुलापलीकडं औषधं: आमच्या ड्रोन चाचणीची हकीकत

कोल्हापुरात पावसाळ्यात दोन आकडे लहान पोरालाही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर गेली की धोका. त्यानंतर कुणीतरी सांगत येतं, "रेडे डोह फुटला." म्हणजे रत्नागिरी रस्त्यावर पाणी आलं, पन्हाळ्याकडची वाहतूक बंद झाली आणि आंबेवाडी-चिखलीकडं जायचं तर बोटीशिवाय इलाज नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांबद्दल आपल्याला कुणी सांगायला नको. २०२४ च्या जुलैतही नदीनं धोक्याची पातळी ओलांडली.

मी फार्मासिस्ट आहे. शहरातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलचं औषध भांडार बघते. आमच्या ट्रस्टचा नदीपलीकडच्या एका वाडीत छोटा दवाखाना आहे; तिथं डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, पण साठा बेताचाच. पुरात तिकडं औषधं पोचवायची तर एनडीआरएफच्या बोटीला हात दाखवून, "एवढा बॉक्स न्या की हो भाऊ" म्हणायचं. ते नेतातही. पण त्यांची बोट माणसं काढायला आलेली असते, हे आपल्यालाही कळतं.

जुलै २०२४ च्या पुरानंतर विश्वस्तांच्या बैठकीत एकानं ड्रोनचा विषय काढला आणि हो-नाही करता करता तो माझ्या गळ्यात पडला. त्यानंतरच्या वर्षभरात काय काय झालं ते लिहून ठेवतेय. कारण आता मला सांगली आणि शिरोळकडून फोन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, ड्रोन कितीला पडला?" आम्ही ड्रोन घेतलेलाच नाही. का, ते पुढं येईल.

सुरुवातीला आम्ही मशीनबद्दल काहीच वाचलं नाही, कागदावर यादी केली: रस्ता बंद असताना पलीकडं नक्की काय लागतं? डॉक्टरांनी सांगितलेली पहिली यादी मोठी होती. रक्ताचे नमुने इकडं आणायचे, रिपोर्ट झाले की औषधं तिकडं, सलाईनच्या बाटल्या वगैरे. सलाईन लगेच कटाप, वजन परवडत नाही. शेवटी दोनच गोष्टी राहिल्या: सर्पदंशावरचं औषध आणि इन्सुलिन. पुरात बिळात पाणी शिरलं की साप घरात येतात, हे नदीकाठच्या कुणालाही विचारा. आपल्याकडं मिळणारं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं आणि सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) लागतात. कोरड्या पावडरच्या या व्हायलला बर्फाची फारशी कटकट नसते. दहा व्हायल आणि सोबतचं पाणी मिळून वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. दवाखान्यात तेवढा साठा कायम असतोच, पण दुसरा पेशंट आला की संपला.

नमुने इकडं आणायचा विचार सोडला, कारण रक्त गोठतंय का हे बघायची २० मिनिटांची चाचणी साध्या काचेच्या नळीत गावातच होते. त्यासाठी शहरातली लॅब लागत नाही. शिवाय नमुना हवेतून न्यायचा तर यूएन ३३७३ या, रोगनमुन्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय खुणेचं तिहेरी पॅकिंग आलं, धोकादायक मालाचे नियम आले. एक फेरी कमी झाली की निम्मी डोकेदुखी कमी होते. तुम्हीही हे करताय तर यादीवर आधी काट मारा. ड्रोनवाल्या कंपन्या यादी वाढवायला बसलेल्याच असतात.

नोव्हेंबरात डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरचा हवाई नकाशा उघडला. लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन पट्टे. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाव काढायचं नाही, पिवळा म्हणजे विमानतळाच्या एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) परवानगी, आणि हिरवा म्हणजे ४०० फुटांपर्यंत आधी परवानगी लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा फक्त २०० फुटांपर्यंतच आहे, त्याच्या वर पिवळा सुरू होतो. आपला विमानतळ उजळाईवाडीला, आणि आमचं हॉस्पिटल शहराच्या मध्यावर. ते सरळ पिवळ्यात बसलं. हॉस्पिटलच्या गच्चीवरून ड्रोन उडतोय असं चित्र विश्वस्तांनी मनात रंगवलं होतं, पेपरात फोटोही येणार होता. ते सगळं त्या एका नकाशानं पुसून टाकलं. नदीच्या अंगाला, शहराच्या पश्चिमेला सरकलं की २०० फुटांचा हिरवा पट्टा लागतो. उडायची जागा तिकडंच शोधायची हे त्या दिवशी ठरलं.

एक गोष्ट इथंच सांगते. नकाशा आज बघितला म्हणजे काम झालं असं नाही. तो बदलतो, आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. मंत्र्यांचा दौरा असला, मोठी सभा असली की हे होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी नकाशा परत बघायचा आणि पोलीस ठाण्यातही एक फोन करायचा. आम्ही शेवटपर्यंत हे पाळलं.

मग मशीन. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी पूर्वीचं बरंच जंगल साफ केलं आहे. वजनाप्रमाणे वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. किलो-दीड किलो माल न्यायचा तर ड्रोन स्मॉलमध्येच जातो. त्याला टाइप सर्टिफिकेट (ते मॉडेल तपासून मंजूर केल्याचा दाखला) पाहिजे, स्वतःचा यूआयएन म्हणजे नोंदणी क्रमांक पाहिजे, थर्ड पार्टी विमा पाहिजे आणि उडवणाऱ्याकडं रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजे. सरकारी फी ऐकून हसू येतं, यूआयएनला १०० रुपये. पण पायलटच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणाला तीस-चाळीस हजार सहज जातात, आणि ते करून आलेल्या माणसाचा हात बसायला पुढं महिने लागतात. आमच्या स्टोअरमधला एक पोरगा तयार होता. त्यानं चौकशी केली, वयाची आणि दहावी पासची अट त्याला बसत होती. मीच त्याला थांबवलं. वर्षातून पंधरा दिवस लागणाऱ्या कामासाठी मशीन विकत घ्यायचं, बॅटऱ्या सांभाळायच्या, पायलट ठेवायचा, हा हिशोब कुठल्याही बाजूनं बसेना.

इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर म्हणाले, "आमची मुलं बनवतील, संशोधनाला सूट आहे." सूट आहे हे खरं. शैक्षणिक संस्थेला संशोधनासाठी टाइप सर्टिफिकेट, यूआयएन, पायलटचा परवाना यातलं काही लागत नाही. पण ती सूट हिरव्या पट्ट्यात आणि स्वतःच्या आवारात किंवा स्वतःच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेतच. नदी काही कॉलेजच्या ताब्यात नाही. तरी सरांचा फार उपयोग झाला. खोका कसा बांधायचा, पंख्यांचा वारा खाली किती लागतो हे सगळं आम्ही डिसेंबरात त्यांच्या ग्राउंडवर मुलांच्या ड्रोननं बघून घेतलं, चहा-भज्यांच्या खर्चात.

भाड्यानं ड्रोन देणाऱ्या कंपन्यांपैकी तिघांना विचारलं. एकानं कोटेशनमध्ये थेट "शहर ते गाव, १० किलोमीटर, पूर्ण स्वयंचलित" असं लिहून पाठवलं. मी विचारलं, नजरेच्या टप्प्याबाहेर उडवायची परवानगी तुमच्याकडं आहे का? फोनवर जरा शांतता झाली आणि मग "ती तुम्ही घ्यायची" असं उत्तर आलं. हा प्रश्न पाठ करून ठेवा. जव्हारहून झाप गावाला नोव्हेंबर २०२१ मध्ये लशीचे ३०० डोस ड्रोननं गेले, तेलंगणात विकाराबादला त्याच वर्षी औषधं उडवली, हे आपण बातम्यांत बघितलेलं असतं. पण त्या सगळ्यांच्या मागं सरकारी यंत्रणा आणि खास परवानग्या होत्या. आमच्यासारख्या ट्रस्टनं उठून तसं करता येत नाही. आम्ही अर्ज केला. पोच मिळाली. उत्तर अजून यायचं आहे.

जानेवारीतले दोन-तीन आठवडे मी फार खट्टू होते. डोळ्यांना दिसेल इतकंच उडवायचं तर पाच-सहाशे मीटरच्या पुढं तो ड्रोन ठिपका होतो, आणि हॉस्पिटल ते वाडी अंतर कितीतरी जास्त. उत्तर दिलं ते आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरमामांनी. ते म्हणाले, "मॅडम, पुलापर्यंत गाडी मी नेतोच की. पलीकडं पोरं मोटरसायकलवर फिरत्यात. आडतंय कुठं? मधल्या पाण्यात. तेवढंच उडवा." गोष्ट एवढी साधी होती आणि कोटेशनं वाचून वाचून आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. शहर ते वाडी हा रस्ता आम्ही तीन तुकड्यांत तोडला: गाडी, ड्रोन, मोटरसायकल. ड्रोनच्या वाट्याला फक्त बुडणारा तुकडा. तो नजरेच्या टप्प्यात बसतो, २०० फुटांच्या आत बसतो आणि नियमातही बसतो. पूर जास्त चढला की तो तुकडा रुंद होतो आणि मग आमची योजना संपते, हेही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं.

त्यानंतर कागद. हिरव्या पट्ट्यात आगाऊ परवानगी लागत नाही हे नियमात असलं तरी गावात आणि पोलीस ठाण्यात ते कुणाच्या वाचनात असेलच असं नाही. त्यामुळं आम्ही परवानगी न मागता "माहितीसाठी सविनय सादर" असं पत्र केलं. त्याला ड्रोनचं टाइप सर्टिफिकेट, यूआयएन, विम्याची पावती, पायलटचं प्रमाणपत्र, नकाशाची रंगीत प्रत आणि ड्रोन नियमांचं ते एक पान, ओळीवर पिवळी रेघ मारून. प्रती जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला, दोन्ही काठांच्या पोलीस ठाण्यांना, ग्रामपंचायतीला, आणि विमानतळाला ईमेल. प्रत्येक ठिकाणी पोच घेतलेली दुसरी प्रत. एका कार्यालयात आमचं पत्र लग्नाच्या शूटिंगच्या गठ्ठ्यात गेलं. तिथल्या भाऊसाहेबांना विषयात "ड्रोन" एवढंच दिसलं होतं. तीन आठवड्यांनी ते सापडलं. त्यानंतर आम्ही विषयाची ओळ बदलली: "पूरकाळात सर्पदंशाचे औषध पोचविणेबाबत." ड्रोन हा शब्द दुसऱ्या परिच्छेदात ढकलला. कागद हलायला लागले.

ग्रामपंचायतीची मासिक सभा फेब्रुवारीत झाली. मला वाटलं होतं लोक विचारतील, औषध कधी येणार? लोकांनी विचारलं, "क्यामेरा हाय का त्याला?" २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालन्याकडच्या गावांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशी हूल उठली होती, आणि त्याचे व्हिडिओ इथल्या प्रत्येक मोबाइलमध्ये होते. दुसरा प्रश्न एका आजोबांचा: "पडला तर कुनाच्या डोसक्यात?" मी विम्याचं सांगायला लागले तर सरपंचताईंनी मला हळूच थांबवलं आणि पायलटला म्हणाल्या, "आधी उडवून दाखवा. मग ठराव." बरोबरच होतं ते. पायलट साताऱ्याकडचा, बोलायला मोकळा. त्यानं कंट्रोलरचा स्क्रीन सगळ्यांना दाखवला: कॅमेरा आहे, पण तो खाली उतरायची जागा बघायला, रेकॉर्डिंग बंद. दोन पोरांच्या हातात स्क्रीन दिला आणि त्यांनाच सांगायला लावलं काय दिसतं. ठराव एकमतानं झाला. त्यात एक अट घातली गेली, जी आम्हाला सुचली नसती: सूर्यास्तानंतर उडवायचं नाही. रात्री आवाज आला तर लोक दगड मारतील, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मार्चमध्ये भाड्याचं मशीन चाचण्यांसाठी आलं. दिवसाचं भाडं, पायलट आणि एक मदतनीस, राहणं-जेवणासकट वीस हजारांच्या आसपास. म्हणून कागदावरची सगळी तयारी आधी करून, सलग दिवस धरून मागवलं.

पहिली सकाळ उंचीतच गेली. ड्रोन आपली उंची जिथून उडाला तिथून मोजतो. आमची उडायची जागा रस्त्याच्या भरावावर, आणि पुढं नदीकडं जमीन उतरत जाते. वर ५५ मीटर दाखवत असताना नदीपात्रावर तो ७० मीटरवर असू शकतो, म्हणजे २०० फुटांच्या बाहेर. दुसऱ्या बाजूनं खाली विजेच्या मोठ्या लाइनचे टॉवर. त्या तारा आणि वरची मर्यादा यांच्या मधली गल्ली नकाशात दिसते त्यापेक्षा पुष्कळ अरुंद निघाली. शेवटी लाइन टाळून थोडं वळण घेतलं, आणि संपर्क तुटला तर ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप परत येतो ती उंचीही त्या मार्गाप्रमाणं बसवली. पायलटनं ही सेटिंग रोज सकाळी मोठ्यानं वाचायची आणि मी वहीत लिहायची, असा नेम केला. ही वही पुढं विमावाल्यांना दाखवायला फार कामाला आली.

उतरायची जागा वाडीतल्या शाळेचं पटांगण. मास्तरांनी चुन्याचा मोठा गोल आखून दिला, आत फुलीही काढली. अडचण अशी की इकडच्या काठावरून पायलटला हवेतला ड्रोन दिसतो, पटांगण दिसत नाही. तिकडं आमच्या सिस्टर फोनवर, आणि हातात हिरवा पंचा. पटांगण रिकामं असेल तर पंचा वर. कुत्रं आलं, पोरगं पळालं तर पंचा खाली आणि फोनवर "थांबा". पंखे पूर्ण थांबल्याशिवाय गोलात पाय टाकायचा नाही. हे सांगून भागत नाही, दोरी बांधावी लागते. शाळेच्या सुट्टीच्या वेळी तर उडवूच नका.

आणि मिरच्या. मार्च म्हणजे चटणीचे दिवस. पटांगणाला लागून असलेल्या घराच्या अंगणात जुन्या साड्यांवर मिरच्या वाळत टाकलेल्या, आणि एका कोपऱ्यात देठं काढून ढीग घातलेला. ड्रोन पंधरा-वीस फुटांवर आला तसा खालच्या वाऱ्यानं पहिल्यांदा साडीचं टोक उचललं, मग बिया उडाल्या, मग तांबडी धूळ. सिस्टर फोनवर "थांबा" म्हणायच्या ऐवजी शिंकायला लागल्या. मास्तर शिंकले, दोरीला धरून उभी असलेली पोरं शिंकली, आणि पायलटला फोनवर काय चाललंय ते काही कळेना. त्यानं शहाणपणानं ड्रोन वर उचलून परत आणला. घरातल्या आजी पदर नाकाला लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "इमान उतरवायचं असलं तर आदी सांगत जावा की!" त्या दिवशीचं बाकीचं काम मिरच्या गोळा करण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी गोल पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला आणि चारी बाजूंनी वीस मीटर मोकळं ठेवायचं ठरलं. कॉलेजच्या ग्राउंडवर आम्ही वारा मोजला होता, पण तिथं वाळवण नव्हतं.

खोक्याचंही सांगते, कारण इथं सगळे अडखळतात. लस न्यायचा नेहमीचा कॅरियर चार आइसपॅकसकट एवढा जड होतो की ड्रोनचं सगळं वजन तोच खातो. आम्ही जाड थर्माकोलचा छोटा खोका घेतला, बाहेरून ताडपत्रीची पिशवी शिवून घेतली, शिलाई-कापडाला साडेतीनशे रुपये. इन्सुलिनला २ ते ८ अंश पाहिजे, पण गोठलं तर फेकायचं. त्यामुळं फ्रीझरमधला आइसपॅक थेट लावायचा नाही. बाहेर काढून ठेवायचा, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मग खोक्यात, आणि मध्ये पुठ्ठा. आत तापमान नोंदवणारा छोटा लॉगर. चाचण्यांत आम्ही खरं औषध पाठवलं नाही, मुदत संपलेल्या व्हायल वापरल्या, आणि प्रत्येकीवर लाल स्केचपेननं फुली. ड्रोनमधली मिनिटं तापमानाच्या दृष्टीनं किरकोळ निघाली. खोका तापला तो अलीकडं, रस्त्यात, गाडीच्या डॅशबोर्डवर.

एप्रिलमध्ये कळलं की दुपारी उडवायचं नाही. ऊन चढलं की घारी गरम हवेवर घिरट्या घालत वर येतात आणि एखादी ड्रोनच्या मागं लागते. पायलट तिला बघून सरळ खाली उतरवायचा. शिवाय संध्याकाळकडं वळवाचा वारा कधी सुटेल नेम नाही. सकाळी साडेसहा ते दहा, एवढीच आमची वेळ.

मे महिन्यात पूर्ण साखळीची तालीम करायची होती, गाडी-ड्रोन-मोटरसायकल, घड्याळ लावून. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर झालं. देशभर ड्रोन या शब्दाचा अर्थ एका रात्रीत बदलला. मुंबई पोलिसांनी ड्रोन उडवायला बंदी घातली. आमच्याकडं लेखी काही येण्याची वाट न बघता आम्हीच काम थांबवलं आणि तसं पत्र सगळीकडं देऊन पोच घेतली. त्या दिवसांत नदीवरून काहीतरी घरघरत गेलं असतं तर लोकांनी काय करावं? पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी ते पत्र वाचून पहिल्यांदाच आम्हाला चहा विचारला. जूनमधल्या कामाला त्याचा फायदाच झाला. पण त्या वर्षी पाऊसही थांबायला तयार नव्हता. मान्सून २४ मे ला केरळात आणि लगेच दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात. आमचे कोरडे दिवस गेले ते गेलेच.

तालीम शेवटी जूनच्या शेवटी, पावसाच्या उघडिपीत झाली. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याबद्दलची खरी गोष्ट तिथंच कळली. रिमझिम पावसात हा ड्रोन उडतो. जोराच्या सरीत उडवायला पायलट तयार नव्हता, आणि कंपनीच्या पुस्तिकेतही मनाई होती. वाऱ्याचे झोत आले की उतरताना तो गोलावर ठरत नाही, इकडून तिकडं झुलतो, आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. पूर येतो तेव्हा पाऊस असतो, असं कुणीही म्हणेल आणि हसेल. पण आपल्याकडचा पूर जरा वेगळा आहे. पाणी बरंचसं वरच्या भागातल्या पावसाचं आणि धरणांतून सोडलेलं. शहरात उघडीप असली तरी रस्ता दोन-दोन दिवस पाण्याखाली राहतो. त्या उघडिपीतले तास ही आमच्या सेवेची खरी मर्यादा. अहवालात मी हेच वर लिहिलं: ही बोटीला पर्याय नाही, बोट मोकळी नसताना आणि आभाळ उघडं असताना चालणारी सोय आहे. एका विश्वस्तांना हे वाक्य फार मिळमिळीत वाटलं. मी ते बदललं नाही.

घड्याळाचं म्हणाल तर हवेतला भाग सगळ्यात लहान. वेळ जातो तो भांडारातून खोका निघेपर्यंत, पुलाच्या अलीकडच्या गर्दीतून गाडी काढेपर्यंत आणि पलीकडच्या मोटरसायकलवाल्याचा फोन लागेपर्यंत. म्हणून पुढचा सगळा जोर त्यावरच दिला. खोका कायम भरून तयार, फक्त इन्सुलिन आणि आइसपॅक शेवटी. पलीकडं एकाऐवजी तीन पोरांचे नंबर, तिघं वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांचे.

सगळा खर्च, भाडं, विमा, खोके, प्रवास, झेरॉक्स धरून सव्वादोन लाखांच्या आत बसला. विम्यात समोरच्याचं नुकसान येतं, आपला माल येत नाही, हे सही करण्याआधी विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्यामुळं विकत घ्यायचा हिशोब काही जणांचा बदलेल. आमचा बदललेला नाही. त्याच महिन्यात नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदाही सरकारनं सूचनांसाठी खुला केला होता. तो कायदा झाला तर मी वर सांगितलेल्या नियमांतलं काय राहील ते परत तपासावं लागेल. ओळखीच्या कागदपत्रांत मात्र ऑगस्ट २०२४ पासून पासपोर्टची सक्ती गेली आहे, मतदार ओळखपत्र किंवा रेशन कार्ड चालतं. नोंदणीची बरीच कामं आता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ई-जीसीए पोर्टलवर होतात आणि नकाशा डिजिटल स्कायवर. दोन्हीकडं एकच मोबाइल नंबर द्या, आणि तो हॉस्पिटलचा द्या. सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर ओटीपी जात राहिले तर काय होतं, ते मी शेजारच्या एका संस्थेत बघितलं आहे.

सध्या परिस्थिती अशी: ड्रोन कंपनीशी जून ते सप्टेंबरचा करार करायचा विचार चालू आहे, पाणी ३९ फुटांवर गेलं की पायलटनं मशीन घेऊन कोल्हापुरात मुक्काम करायचा. घोडं अडलंय ते भाड्यावर, कारण न उडालेल्या दिवसाचेही पैसे त्यांना पाहिजेत आणि विश्वस्तांना ते पटत नाही. मला विचाराल तर ते द्यावेत. अग्निशमनची गाडी उभी असते तेव्हाही तिचा खर्च चालूच असतो. नजरेबाहेरच्या परवानगीचा अर्ज तसाच आहे, दर महिन्याला स्मरणपत्र जातं. आणि कुणाला पत्राचे नमुने, रोजच्या वहीचा तक्ता किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावाचा मसुदा पाहिजे असेल तर भांडारात येऊन झेरॉक्स घेऊन जा. दुपारी दोन ते चार मी असते. येताना तुमच्या भागाच्या हवाई नकाशाची रंगीत प्रत घेऊन या, म्हणजे तिथंच बसून बोलता येईल.